तळपायांची आग आणि जीवनसत्त्वांची आशा

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरातील सारी माणसे गाढ झोपलेली असतात. परंतु एखादे वयस्क गृहस्थ अंथरुणावर उठून बसतात आणि आपले तळपाय थंड फरशीवर टेकवतात. पायांना जखम नसते, सूज नसते, वरवर पाहता काहीच झालेले नसते. तरीही निखाऱ्यांवर पाय ठेवावा तशी आग होत असते. पांघरुणाचा हलका स्पर्शही सोसवत नाही. मधूनच विजेचा झटका बसावा तशी कळ उठते, मुंग्या येतात. आणि विलक्षण गोष्ट अशी की, ज्या पायांची एवढी आग होते, त्याच पायांत काटा रुतला तर तो मात्र कळत नाही. वैद्यकशास्त्र ज्या व्यथेला मज्जातंतूंची वेदना म्हणते, ती हीच होय.

या वेदनेवर अलीकडच्या काळात एक सोपा उपाय सर्वत्र सुचविला जातो. जीवनसत्त्व ‘क’, जीवनसत्त्व ‘ई’ आणि त्यांच्या जातीची इतर द्रव्ये मज्जातंतूंना झिजण्यापासून वाचवितात, म्हणून त्यांच्या गोळ्या घ्याव्यात, असा तो उपाय आहे. औषधांच्या दुकानांतून अशा बाटल्या मुबलक मिळतात, आणि चिठ्ठीवाचूनही मिळतात. या आशेला आधार किती आणि ती फोल किती, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. कारण येथे केवळ पैशाचा प्रश्न नाही. बाटलीच्या भरवशावर जे महिने निघून जातात, त्या महिन्यांत मज्जातंतूंचे जे नुकसान होते, ते पुष्कळदा भरून येत नाही.

हा विचार करावयास रायपूरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. मराठी माणसाला हे शहर परके नाही. १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होती. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग असा मुक्काम करीत रायपुरास पोहोचतो, आणि अनेक मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. २००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनली. मज्जातंतूंना अपाय करणाऱ्या चार वाटा या एका प्रदेशात एकत्र येतात. हा भाताचा मुलूख आहे. येथे तिवरा नावाचे कडधान्य पिकते. कुष्ठरोगाचे प्रमाण देशात ज्या राज्यांत अधिक आहे, त्यांत छत्तीसगडची गणना होते. रायपूरजवळ लालपूर येथे कुष्ठरोगाचे प्रशिक्षण व संशोधन करणारी केंद्र शासनाची संस्था आहे, ती याचमुळे. आणि वाढत्या शहराबरोबर येणारा मधुमेह तर आता सर्वत्रच आहे. या चारही वाटांवर जीवनसत्त्वांचा कोठे ना कोठे संबंध येतो. मात्र तो प्रत्येक वाटेवर निराळा आहे.

प्रथम वेदनेचे स्वरूप समजून घ्यावयास हवे. बोटाला चटका बसला म्हणजे जी वेदना होते, ती वर्दी होय. मज्जातंतू दूताप्रमाणे ती वर्दी पाठीच्या कण्याकडे आणि तेथून मेंदूकडे पोहोचवितो. मज्जातंतूंच्या वेदनेत मात्र दूतच आजारी पडलेला असतो. चटका बसलेला नसतानाही तो आगीची आरोळी ठोकतो, आणि खरोखर चटका बसला तर गप्प राहतो. पायाला संवेदना देणाऱ्या पेशीचे शरीर पाठीच्या कण्याजवळ असते, आणि तिचा तंतू तेथून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटर, गेलेला असतो. एवढ्या लांबीच्या तंतूला लागणारी बरीचशी सामग्री त्या दूरच्या पेशीतून वाहून न्यावी लागते. जो गाव राजधानीपासून सर्वांत दूर, तेथे टंचाई आधी जाणवते. तसेच येथे होते. म्हणून आग प्रथम तळपायांत सुरू होते, मग मोजा चढावा तशी वर सरकते, आणि पुढे हातांच्या बोटांपर्यंत पोहोचते.

आता जीवनसत्त्वांचा संबंध कोठे येतो, ते पाहू. तेल बरेच दिवस उघडे राहिले म्हणजे खवट होते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन त्यातील स्निग्ध द्रव्ये बिघडतात. शरीरातही असाच व्यवहार अहोरात्र चालू असतो. अन्नापासून शक्ती निर्माण करताना प्रत्येक पेशीत काही अतिशय चंचल कण उत्पन्न होतात. त्यांना मुक्त मूलके असे म्हणतात. भट्टीतून उडणाऱ्या ठिणग्यांसारखे ते जवळच्या द्रव्यांना पोळतात. मज्जातंतूंची आवरणे स्निग्ध द्रव्यांनी भरलेली असल्यामुळे त्यांना या ठिणग्यांचे भय विशेष असते. या ठिणग्या विझविणाऱ्या द्रव्यांना ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये असे नाव आहे. जीवनसत्त्व ‘ई’ हे स्निग्ध भागात पहारा करते, तर जीवनसत्त्व ‘क’ पाण्याच्या भागात. आणि ठिणगी विझविताना ‘ई’ थकले म्हणजे ‘क’ त्याला पुन्हा ताजे करते.

मधुमेहात रक्तातील साखर वाढली म्हणजे पेशीतील ही भट्टी बेफाम होते आणि ठिणग्या अधिक उडतात. शिवाय वाढलेल्या साखरेची विल्हेवाट लावताना शरीराची ठिणग्या विझविण्याची शक्तीही खर्ची पडते. मायकेल ब्राउनली या अमेरिकन संशोधकाने २००१ साली ही मांडणी केली आणि ती पुष्कळांना पटली. इतके कळल्यावर पुढचा तर्क सरळ होता. ठिणग्यांनी मज्जातंतू पोळतो, जीवनसत्त्व ठिणगी विझविते. तेव्हा जीवनसत्त्व दिले की वेदना थांबावी! तर्क सुंदर आहे. परंतु वैद्यकशास्त्रात सुंदर तर्काला रुग्णाच्या अनुभवाची साक्ष लागते.

ही आशा आली कोठून, हेही जाणून घेण्यासारखे आहे. कारण तिच्या मुळाशी एक खरा विजय आहे, आणि तो भाताच्या मुलखातला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिश्चियान आइकमान हा डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. या रोगात हातपाय बधिर होतात, दुखतात, लुळे पडतात. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाही तसाच विकार जडला, आणि काही काळाने तो आपोआप बरा झाला. चौकशी करता असे निघाले की, मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील पांढराशुभ्र सडलेला भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो देणे बंद केले आणि त्या बऱ्या झाल्या. भाताच्या कोंड्यात मज्जातंतूंना जगविणारे काहीतरी आहे, हे त्यातून पुढे सिद्ध झाले. ते द्रव्य म्हणजे जीवनसत्त्व ‘ब-१’. १९२९ साली आइकमानला नोबेल पारितोषिक मिळाले. छत्तीसगडात ज्याला उसना म्हणतात, त्या उकड्या तांदळाचा गुण यातच आहे. साळ उकडताना कोंड्यातील हे जीवनसत्त्व दाण्यात मुरते, आणि मग तांदूळ सडला तरी सगळे वाया जात नाही.

जीवनसत्त्व ‘ई’ची कथाही अशीच आहे. हर्बर्ट एव्हान्स व कॅथरिन बिशप यांनी १९२२ साली ते शोधून काढले. काही मुलांच्या शरीरात जन्मजात दोषामुळे ते टिकत नाही. अशा मुलांचा तोल जातो, संवेदना मंदावते. त्यांना हे जीवनसत्त्व वेळेवर व भरपूर दिले म्हणजे रोगाची वाढ थांबते. या दोन्ही उदाहरणांतील समान धागा ध्यानात ठेवावयास हवा. तेथे शरीरात उणीव होती, आणि औषधाने ती उणीव भरून काढली.

उणीव नसून विष असेल, तर काय घडते? याचे उत्तर तिवरा देतो. धानाची कापणी होण्यापूर्वीच ओल्या शेतात याचे बी फेकण्याची उतेरा नावाची पद्धत रायपूरच्या परिसरात जुनी आहे. ना नांगरणी, ना पाणी. तरी पीक येते. पूर्व विदर्भातील शेतकऱ्यास हेच कडधान्य लाख किंवा लाखोळी या नावाने परिचित आहे. दुष्काळात इतर सारी पिके गेली तरी हे उभे राहते, हा त्याचा गुण. आणि दुष्काळात माणसे महिनोन् महिने केवळ त्यावरच राहतात, हे त्याचे संकट. अशा माणसांचे पाय ताठ होतात, गुडघे एकमेकांवर घासू लागतात, चवड्यांवर काठीच्या आधाराने चालावे लागते. कर्नल स्लीमनने मध्य हिंदुस्थानातील अशा दुर्दैवी माणसांचे वर्णन १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. डाळीतील विषारी द्रव्य १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा या संशोधकांनी वेगळे करून दाखविले.

या विकारात आग कमी आणि लुळेपणा अधिक. तेव्हा तो तळपायांच्या वेदनेचा सख्खा भाऊ नव्हे. परंतु येथेही विष चेतापेशींतील भट्टीच बिघडविते आणि ठिणग्या वाढविते, असे आढळले आहे. इथिओपियात पडलेल्या साथीचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, ज्या घरांत ही डाळ इतर धान्यांत मिसळून आणि कांदा, लसूण, आले यांसारख्या मसाल्यांसह खाल्ली गेली, तेथे लुळेपणाचा धोका कमी होता. म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये येथे उपयोगी पडली असावीत; परंतु ती ताटातून, रोगाच्या आधी आणि इतर अन्नाच्या जोडीने. लुळा झालेला पाय मात्र कोणत्याही जीवनसत्त्वाने पूर्ववत झालेला नाही. तेथे खरा उपाय निराळाच ठरला. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देणे, ती एकट्यानेच पोट भरण्यास न वापरणे, आणि कमी विषाचे बियाणे पेरणे, हा तो उपाय होय. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली, तथापि ती सर्व राज्यांत सारखी अमलात आली नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ व ‘महातिवरा’ यांसारखे कमी विषाचे वाण तयार केले, ते शेतकऱ्याची ही गरज ओळखूनच.

आता ज्या ठिकाणी उणीवही नाही आणि असे विषही नाही, त्या नेहमीच्या वेदनेकडे वळावयाचे. येथे जीवनसत्त्वांची परीक्षा अनेकदा झाली आहे. अशी परीक्षा घेण्याची रीत ठरलेली आहे. रुग्णांचे दोन गट करावयाचे. एकास खरी गोळी, दुसऱ्यास तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. आणि कोणास काय मिळाले, हे अखेरपर्यंत रुग्णासही ठाऊक नाही आणि वैद्यासही नाही. ही खबरदारी आवश्यक असते, कारण वेदना भरती-ओहोटीसारखी कमीजास्त होते, आणि नव्या औषधाच्या विश्वासानेच पुष्कळांना काही काळ बरे वाटते.

कर्करोगावरील सिस्प्लॅटिन या औषधाने मज्जातंतूंना इजा होते. इटलीत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या औषधाबरोबर जीवनसत्त्व ‘ई’ देण्यात आले. ते मिळालेल्या १३ रुग्णांपैकी ४ जणांना इजा झाली. न मिळालेल्या १४ पैकी १२ जणांना झाली. या आकड्यांनी मोठी आशा निर्माण केली. परंतु कर्करोगाच्या अशा औषधांवरचाच अधिक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, त्यात दोनशेहून अधिक रुग्ण होते, आणि त्याचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी २९ टक्के रुग्णांना लक्षणीय इजा झाली होती. आशेचा पाया तेथे खचला.

मनगटाचे हाड मोडल्यानंतर काहींच्या हातात आगीसारखी चिवट वेदना मागे राहते. हॉलंडमध्ये १९९९ साली १२३ रुग्णांवरील प्रयोगात रोज ५०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘क’ पन्नास दिवस दिले, तेव्हा हे प्रमाण २२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ३३६ रुग्णांवरील दुसऱ्या प्रयोगात फरक आढळला नाही. मधुमेहाच्या वेदनेसाठी मलेशियात जीवनसत्त्व ‘ई’च्या कुळातील द्रव्य ३०० रुग्णांवर वर्षभर वापरून पाहिले गेले. २०१८ साली त्याचे फळ जाहीर झाले. एकंदर लक्षणांत फरक पडला नाही. फक्त भोसकल्यासारख्या कळा ज्यांना येत होत्या, अशा काहींना त्या थोड्या कमी झाल्याचे दिसले. अल्फा लिपोइक आम्ल हे जीवनसत्त्व नसले तरी त्याच कामाचे द्रव्य आहे. त्याविषयीच्या चांगल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२४ साली घेण्यात आला, तेव्हा सहा महिन्यांनंतरच्या लक्षणांवर त्याचा परिणाम बहुधा अल्प किंवा शून्य आहे, असे दिसून आले.

कुष्ठरोगातही हा प्रश्न विचारला गेला. तमिळनाडूतील संशोधकांनी २००५ साली असे दाखविले की, नेहमीच्या औषधांबरोबर जीवनसत्त्व ‘ई’ दिल्यास रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिडीकरणाच्या खुणा कमी होतात. हे काम मोलाचे आहे. परंतु रक्तातील खूण कमी होणे आणि रात्रीची झोप परत येणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. दुकानातील बाटलीवर पहिली गोष्ट लिहिलेली असते. विकत घेणारा तिचा अर्थ दुसरी असा करतो.

प्रयोगशाळेतील यश रुग्णापर्यंत पोहोचत नाही, याची कारणे समजण्यासारखी आहेत. वेदना जाणवू लागते तेव्हा तंतूंचा बराच भाग आधीच नष्ट झालेला असतो. आग विझविल्याने जळालेले घर परत उभे राहत नाही. रक्तातील साखर वाढलेलीच राहिली तर भट्टी पेटलेलीच असते. घोटभर पाण्याने ती शमत नाही. शिवाय या ठिणग्या निव्वळ शत्रू नाहीत. पेशी त्यांचा उपयोग निरोप पोहोचविण्यासाठी आणि जंतू मारण्यासाठीही करतात. त्या सरसकट विझविणे हिताचेच ठरेल, असे नाही.

आणि जीवनसत्त्व कितीही घेतले तरी अपाय नाही, ही समजूत तर निश्चितच चुकीची आहे. याचा बोलका दाखला जीवनसत्त्व ‘ब-६’चा आहे. क्षयरोगावरील आयसोनायझिड या औषधाने शरीरातील ‘ब-६’ घटते आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात. म्हणून त्याबरोबर थोडे ‘ब-६’ देतात आणि मज्जातंतू वाचतात. परंतु १९८३ साली अमेरिकेत अशा सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली, की ज्यांनी हेच जीवनसत्त्व रोज २ ते ६ ग्रॅम इतके घेतले होते. त्यांचे पाय बधिर झाले आणि चालताना तोल जाऊ लागला. जे उणिवेत औषध, तेच अतिरेकात विष! ऑक्सिडीकरणरोधक द्रव्येही यास अपवाद नाहीत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. मोठ्या मात्रेत जीवनसत्त्व ‘ई’ घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्के अधिक असल्याचे २०११ साली दिसून आले.

मग तळपायांची आग होणाऱ्या माणसाने करावे तरी काय? प्रथम आगीचे मूळ शोधावे. रक्तातील साखर तपासावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि अनेकांचा तो पायांच्या तक्रारीतूनच प्रथम उघडकीस येतो. जीवनसत्त्व ‘ब-१२’ तपासावे. ते प्राणिज अन्नातूनच मिळते, म्हणून शाकाहारी माणसांत ते पुष्कळदा कमी असते, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांतही घटते. ही उणीव सापडली तर भरून काढता येते, आणि येथे जीवनसत्त्व हे खरेखुरे औषध ठरते. दारूचे व्यसन असेल तर ते सोडावे. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी विनासंकोच करून घ्यावी. त्यावरील औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितके मज्जातंतू वाचतात. वेदना शमविण्यासाठी अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन, प्रिगॅबालिन यांसारखी परीक्षेस उतरलेली औषधे आहेत. ती वैद्याच्या सल्ल्याने घ्यावीत. आणि ज्या पायांना काटा कळत नाही, ते पाय रोज रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. लहानशी दुर्लक्षित जखम पुढे पाय गमावण्यास कारण होते.

अन्नातील जीवनसत्त्वांचे महत्त्व याने कमी होत नाही. आवळा, पेरू, लिंबू, हिरव्या पालेभाज्या, शेंगदाणे, करडईचे तेल यांतून ‘क’ आणि ‘ई’ ही दोन्ही जीवनसत्त्वे मिळतात, आणि ती ज्या प्रमाणात मिळतात त्यात अपायाचे भय नसते. रायपूरच्या बाजारात काय किंवा भंडाऱ्याच्या बाजारात काय, ही सामग्री बाटलीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

ऑक्सिडीकरणरोधक जीवनसत्त्वांची आशा अद्याप संपलेली नाही. योग्य रुग्ण, योग्य वेळ आणि योग्य मात्रा यांचा मेळ एखाद्या दिवशी बसेलही. परंतु आजचा निर्णय स्पष्ट आहे. जेथे उणीव आहे तेथे जीवनसत्त्व औषध आहे. जेथे उणीव नाही तेथे ती केवळ शक्यता आहे. जावा बेटावरील त्या कोंबड्या कोणत्या गोळीने बऱ्या झाल्या नाहीत. त्यांच्यापुढे काय वाढले जात होते, हे कोणीतरी विचारले, म्हणून त्यांच्या रोगाचा अर्थ लागला. मध्यरात्री थंड फरशीवर पाय टेकून बसलेल्या माणसालाही आधी तोच प्रश्न हवा आहे: ही आग लागली कशाने?